पोटाचा करदोडा

दादर स्टेशनाबाहेर वडापाव खायला माणसाला किती वेळ लागतो? गाडीला अवकाश असेल तर तीन मिनिटं, गाडी फलाटात शिरत असेल तर एक. १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी इथेच पावात वडा घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. तेव्हापासून हा पदार्थ उभ्याने, एका हाताने, खांद्यावरची बॅग सावरत खाल्ला जातोय. घास मोठा, चावणं नावापुरतं. पाव लाळेत भिजतो, त्याचा लगदा होतो आणि खाली सरकतो. पुढचं पोट बघून घेतं.

गॅस्ट्रिक बँड बसवलेल्या माणसाने हाच वडापाव याच वेगाने खाल्ला तर दुसऱ्या-तिसऱ्या घासाला सगळं अडतं. छातीच्या मधोमध, हाडामागे, काहीतरी घट्ट बसल्यासारखं वाटतं. तोंडाला पाणी सुटतं, पण भुकेचं नाही. दाट, फेसाळ लाळ येतच राहते. नाक वाहू लागतं, कुणाला उचकी लागते, कुणाला शिंका येतात. आपल्याकडे घास अडकला की पाठीवर थाप मारायची आणि पाण्याचा पेला पुढे करायचा, ही रीत. इथे पाणी प्यायलं की ते अडलेल्या घासावर जाऊन साचतं आणि दोन मिनिटांत सगळंच तोंडातून परत येतं. ते आंबट लागत नाही, कारण जठरातल्या आम्लापर्यंत ते पोहोचलेलंच नसतं. त्याला ओकारी म्हणणंही चुकीचं. घास जसा गेला तसा परत आला, इतकंच. अशा वेळी उभं राहायचं, खाणं-पिणं थांबवायचं आणि वाट बघायची.

वजन उतरवण्यासाठी जठराच्या तोंडाशी बसवलेला सिलिकॉनचा एक पट्टा माणसाची जेवणाची अख्खी रीत बदलून टाकतो. कशी, हे मात्र तो बसवणाऱ्या सर्जनांनाही पहिली बरीच वर्षं नीट उमगलेलं नव्हतं.

बँड म्हणजे पोटाच्या आत बांधलेला करदोडाच म्हणा. मऊ सिलिकॉनचं कडं, त्याच्या आतल्या अंगाला फुगणारी पोकळ पिशवी. पोटावर चार-पाच छोटे छेद घेऊन दुर्बिणीने तो आत सरकवतात आणि अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या किंचित खाली जठराभोवती वळसा घालून एक टोक दुसऱ्यात अडकवतात. आतडं कापत नाहीत, जठराचा तुकडा काढत नाहीत. पट्टा जागचा हलू नये म्हणून जठराचाच थोडा भाग त्याच्यावर ओढून टाके घालतात. पट्ट्याच्या वर जठराची इवलीशी कुपी उरते, पंधरा-वीस मिलीलिटरची, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. पट्ट्यापासून एक बारीक नळी निघते ती पोटाच्या स्नायूवर, कातडीखाली शिवलेल्या बटणाला जोडलेली असते. याला पोर्ट म्हणतात. बाहेरून बोटाने चाचपला तर हाताला लागतो. त्यात खास सुई टोचून सलाईन भरलं की आतली पिशवी फुगते आणि वाट अरुंद होते. काढून घेतलं की सैल. काही बँडांत सगळं मिळून ४ मिलीलिटर मावतं, काहींत १० ते १४. एका खेपेला अर्धा-एक मिलीलिटर, कधी त्याहूनही कमी. ओपीडीतलं काही मिनिटांचं काम. मग डॉक्टर समोर बसवून पाणी प्यायला लावतात, पाणी सरळ खाली उतरलं की घरी सोडतात. रुग्णांच्या बोलण्यात याला नुसतं 'फिल' म्हणतात. 'मंगळवारी माझा फिल आहे', असं.

घट्ट-सैल करता येणारा हा बँड १९८६मध्ये लुबोमिर कुझमाक या युक्रेनियन वंशाच्या, अमेरिकेत न्यू जर्सीला काम करणाऱ्या सर्जनने पुढे आणला. स्वीडनमध्ये हॉलबर्ग आणि फोरसेल यांचंही त्याच सुमारास तसंच काम चाललं होतं. तेव्हा त्यासाठी पोट उघडावं लागे. १ सप्टेंबर १९९३ रोजी बेल्जियममधल्या ऊई या छोट्या शहरात मितिकू बेलाशू यांनी तो पहिल्यांदा दुर्बिणीने बसवला. बेलाशू जन्माने इथिओपियाचे. ऐंशीच्या दशकात ज्या देशाचं नाव निघालं की जगाला दुष्काळच आठवायचा, तिथल्या माणसाच्या हातून स्थूलपणावरचा हा इलाज दुर्बिणीच्या युगात आला, याची मला गंमत वाटते. २००१मध्ये अमेरिकेने बँडला परवानगी दिली आणि पुढच्या दहा वर्षांत तो जगभर पसरला. मुंबईतही बऱ्याच पोटांत गेला.

सुरुवातीची समजूत अगदी सरळ होती. वरची कुपी एवढीशी, ती चार घासांत भरते, माणूस थांबतो, आणि अन्न मग तासभर हळूहळू खाली झिरपत राहतं. ऐकायला पटतं. रुग्णांनाही वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं. पण ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पॉल बर्टन, वेंडी ब्राउन आणि पॉल ओब्रायन या सर्जनांनी २०१०च्या आगेमागे बँडवाल्या रुग्णांच्या अन्ननलिकेत दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या सोडल्या, त्यांना खायला दिलं आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर घासाचा प्रवास पाहिला. बँड नीट बसलेल्या रुग्णांच्या कुपीत अन्न साचलेलंच नव्हतं. घास येत होता, मिनिटभरात पलीकडे जात होता, कुपी पुन्हा रिकामी. तरीही ती माणसं अर्धा कप खाऊन तृप्त होती.

मग पोट भरल्याची खबर आली कुठून?

इथे आधी अन्ननलिकेला दाद द्यायला हवी. साधारण २५ सेंटीमीटरची ही नळी नुसती उतरण नाही. घास गिळला की तिचे स्नायू वरून खाली एकामागोमाग आवळत जातात आणि त्या लाटेवर घास आठ-दहा सेकंदांत जठरात पोहोचतो. गुरुत्वाकर्षणाची तिला गरज नाही. शीर्षासनात गिळलेला घासही पायांच्या दिशेने, म्हणजे वरच चढतो. बँड असला की या लाटेसमोर अरुंद दार येतं. पहिल्या लाटेत घासाचा थोडासाच भाग पलीकडे जातो, उरलेला मागे उसळतो. दुसरी लाट येते, पुन्हा थोडा जातो. अशा दोनापासून सहापर्यंत लाटा लागतात आणि एक घास पार व्हायला जवळजवळ एक मिनिट जातं. प्रत्येक लाटेला बँडखालच्या जठराच्या भिंतीवर दाब पडतो. त्या भिंतीत व्हेगस मज्जातंतूची अगदी बारीक, दाब ओळखणारी टोकं पसरलेली आहेत. व्हेगसमधल्या पाचातल्या चार तंतूंचं काम मेंदूकडून हुकूम आणण्याचं नाहीच, पोटातली खबर मेंदूला पोहोचवण्याचं आहे. एका घासामागे कधी पाच-सहा वेळाही तीच खबर वर जाते. वीस घासांत शंभरेक वेळासुद्धा. भरल्या ताटाची खबर मेंदूला मिळते, ताट भरलेलं नसताना.

याहून अजब प्रयोग त्याच मेलबर्नच्या गटाने २००५मध्ये प्रसिद्ध केला होता. थोड्या रुग्णांच्या बँडमधलं सलाईन कधी काढून घेतलं, कधी योग्य तेवढं ठेवलं, आणि कुठल्या वेळी काय केलंय हे रुग्णाला कळू दिलं नाही. मग सकाळी, नाश्त्याच्या आधी, भूक किती लागलीय ते विचारलं. बँड नीट भरलेला असताना रुग्णांना रिकाम्या पोटीसुद्धा भूक कमी होती. अजून घास तोंडात गेलेला नाही, आणि नुसत्या मऊ दाबाने भूक शमलेली. आपण 'भूक' म्हणतो ती एवढी भोळी असेल, असं मला हे वाचेपर्यंत वाटलं नव्हतं.

बँडनंतरच्या जेवणाचे सगळे नियम घास पार व्हायला लागणाऱ्या त्या एका मिनिटातून निघतात. पहिला घास पलीकडे गेल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. घास बोटाच्या पेराएवढा, चांगला वीसेक वेळा चावलेला, आणि मध्ये चमचा खाली ठेवायचा. ओब्रायन यांचं माप अर्धा कप, म्हणजे आपली एक लहान वाटी, आणि वेळ वीस मिनिटं. वाटी संपली नाही तरी हरकत नाही. वीस मिनिटांनंतरही खात राहिलं तर ते भुकेसाठी नसतं, असं मेलबर्नचे सर्जन सांगतात. जेवताना पाणी नाही. पाणी जेवणाच्या आधी किंवा नंतर बऱ्याच वेळाने, घोटघोट. सोडा, कोल्ड्रिंक नाही. दिवसातून तीन जेवणं, मधलं तोंड चाळवणं बंद.

कागदावर सोपं आहे. पण मुंबई हे गाव मिनिटभर थांबून दुसरा घास घेणाऱ्यांचं नाही. परळ-लालबागच्या चाळींत पिढ्यान् पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर जेवल्या. सुट्टीत डबा उघडायचा, हात धुवायचे, परत साच्यावर. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, वेग राहिला. आता तोच वेग ऑफिसच्या पॅन्ट्रीत, मोबाइल एका हातात धरून चालू असतो. लहानपणी 'बकाबका खाऊ नकोस' आणि 'लवकर आटप, शाळेची वेळ झाली' ही दोन्ही वाक्यं एकाच आईच्या तोंडून ऐकलेला माणूस चाळिसाव्या वर्षी सर्जनच्या सांगण्यावरून सावकाश जेवायला शिकतो, तेव्हा त्याला ते मानेला झटका बसल्यासारखं अवघड जातं. बँडच्या बाबतीत शिस्त चुकली की शिक्षा लगेच, छातीतच मिळते. म्हणून शिकतोही लवकर.

पहिले काही आठवडे बँडला टाके धरू द्यायचे असतात. त्या काळात एक-दोन आठवडे नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि महिना-सव्वा महिन्याने घन अन्न. आहारतज्ज्ञ छापील तक्ता देतात त्यात सूप, प्रोटीन शेक वगैरे असतं. कोकणातून आलेल्या घरांत मात्र याला आधीच एक अन्न तयार आहे: पेज. मालवणी घरात आजारी माणसाला, बाळंतिणीला, आणि आजारी नसलेल्यालाही उकड्या तांदळाची पेज चालते. गाळून घेतली की पहिल्या आठवड्यात, न गाळता दुसऱ्या टप्प्यात. मुगाचं कढण, वरणाचं निवळ, लोणी काढलेलं ताक, मग घोटलेलं वरण, मऊ अंडं. प्रोटीन दिवसाला साठेक ग्रॅम तरी लागतात, आणि पेजेत ते फारसे नसतात, एवढं लक्षात ठेवलं तर आजीचं औषध सर्जनच्या तक्त्यात बरोबर बसतं.

घन अन्न सुरू झालं की खरी परीक्षा. इथे कोणता पदार्थ जाईल हे चवीवर किंवा तेलावर ठरत नाही, तो तोंडात चावल्यावर काय होतो यावर ठरतं. लादीपाव हा पहिला गुन्हेगार. ताजा, लुसलुशीत पाव कितीही चावला तरी लाळेत भिजून त्याचा चिकट गोळा होतो आणि तो अरुंद दारात बूच मारतो. गंमत म्हणजे त्याच बेकरीतला कडक ब्रुन बऱ्याच जणांना चालतो, कारण तो चावल्यावर चुरा होतो. मरीन लाइन्सच्या कयानीत बसून ब्रुन-मस्का खायचा तर कोरडाच खायचा. चहात बुडवला की तोही पाव झाला. मऊ, जाड घडीची पोळी अडते. तव्यावर कडक शेकलेली पातळ भाकरी किंवा भाजणीचं थालीपीठ जातं. मुठीत कालवून केलेला भाताचा घट्ट घास अडतो, तोच भात आमटीत सैल, चमच्याने थोडा थोडा घेतला तर निभतो. प्रत्येक पोट वेगळं, हे मात्र खरं. एकाला न चालणारी पोळी दुसऱ्याला चालते, आणि सकाळी न गेलेला पदार्थ संध्याकाळी जातो. सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो असं बरेच रुग्ण सांगतात.

धागेदार पदार्थ दुसरे शत्रू. संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा, अननस, शेवग्याच्या शेंगेचा गर ओढताना बरोबर आलेला दोरा, फणसाचे बरके गरे. मटणाच्या फोडी अवघड, त्याच मटणाचा खिमा सोपा. कोळंबी रबरासारखी होईपर्यंत शिजवली तर चावून चावून जबडा दुखतो, तरी तुकडा राहतोच. आणि या सगळ्यात एक मासा जणू बँडवाल्यांसाठीच जन्मलाय: ओला बोंबील. पाण्याने भरलेला, काटा मऊ, जिभेने दाबला तरी विरघळणारा. रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेला सोडा. तिखलं करा, किंवा आंबट-तिखट कालवणात नुसता सोडा, वाटीत दोन बोंबील पुरतात. प्रोटीनही मिळतं. दादरच्या मासळी बाजारात सकाळी ताजे बोंबील बघून घेणारा कुणी 'फक्त दोन द्या' म्हणाला तर कोळीण काय म्हणेल, ते तुम्हीच ऐका.

औषधांच्या मोठ्या गोळ्यासुद्धा या दारात अडतात; त्या तोडून किंवा पातळ स्वरूपात घ्याव्या लागतात, आणि कुठली तोडायची नाही ते डॉक्टरला विचारून. आयबुप्रोफेनसारख्या दुखीच्या गोळ्या शक्यतो टाळायला सांगतात, कारण जठराच्या भिंतीला आधीच पट्टा टेकलेला असतो.

बँडला अडवता येतो तो घन घास. जे वाहतं ते त्याला दिसतच नाही. गिरगावात पणशीकरांकडे किंवा दादरला प्रकाशमध्ये मिळणारं पीयूष घ्या: श्रीखंड, ताक, साखर, केशर, सगळं घोटून केलेलं. बँडच्या दारातून ते पाण्यासारखं वाहत जातं, एकही लाट अडत नाही, व्हेगसला कानोसा लागत नाही. पेला संपतो, भूक तिथेच. आईस्क्रीम तसंच, बासुंदी तशीच, मिल्कशेक तसाच. आणि एप्रिल-मेमध्ये आमरस. वाटीभर आमरस गिळायला मिनिटही लागत नाही. शेजारची एक पुरी मात्र खाता खाता दहा मिनिटं जातात. मग शहाणा माणूस पुरी सोडून आमरसच घेऊ लागतो. कुणी फसवणूक म्हणून करत नाही. जे सुखाने जातं ते खावं, हा देहाचा साधा कल. पण बँड व्यवस्थित असूनही वजन हलत नाही, अशांच्या कहाणीत हे गोड पातळ पदार्थ हमखास निघतात. म्हणून सर्जन उलटं सांगतात: चावावं लागेल असंच खा. मऊ, पातळ पदार्थ पहिल्या महिन्यापुरते.

उपासाच्या दिवशी हीच गोष्ट आणखी रंगते. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण कुणी बँडवाल्यासाठी केलेली नाही, पण साबुदाण्याची खिचडी चिकट, प्रोटीनने हलकी, आणि तिच्यावर दोन केळी व दुधाचा पेला. उपास सोडताना पानात येणारा उकडीचा मोदक तर दोन्हीकडून कठीण: वरची पारी तांदळाची आणि चिकट, आतला ओल्या नारळाचा चव चोथ्याचा. चार तुकडे करून एक मोदक खायला पाव तास घालवणारे आहेत. त्यांना विचारलं तर सांगतात, मोदकाची चव पहिल्यांदा कळली.

पण सगळ्यात चिवट अडचण बँडची नाहीच, आग्रहाची आहे. आपल्या पंगतीत कमी खाणं हा पाहुण्याचा दोष समजतात आणि पानात टाकणं हा संस्काराचा. लालबागच्या एखाद्या घरात गौरीच्या जेवणाला पुरणपोळी वाढली जाते, वर तुपाची धार. बँडवाला अर्धी पोळी खाऊन हात आखडतो. मामी विचारते, 'काय रे, माझ्या हातचं आवडलं नाही का?' ऑपरेशनचं घराबाहेर सांगितलेलं नसतं, कारण सांगितलं की 'पैसे टाकून पोट बांधून घेतलं, त्यापेक्षा चालायला गेला असतास' हे ऐकावं लागतं. मग डाएटचं कारण, डॉक्टरने सांगितल्याचं कारण, पोट बिघडल्याचं कारण. काहींनी नामी युक्ती शोधलीय: पंगतीत न बसता वाढायला उभं राहायचं. वाढणाऱ्याने काय खाल्लं हे कुणी बघत नाही.

चालायला जाण्यावरून आठवलं. 'इच्छाशक्ती कमी' म्हणून स्थूल माणसाला बोल लावणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो पाहावा. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय देह कमी वजनातही चरबी राखून ठेवतो, आणि मधुमेह लवकर ओढवून घेतो. म्हणूनच अशा शस्त्रक्रियांसाठी आशियाई लोकांची वजनाची मर्यादा युरोपीय लोकांपेक्षा खाली धरतात. बँडने साखरेवर काय होतं, याचा मेलबर्नचा २००८चा अभ्यास गाजला. नुकताच मधुमेह झालेल्या साठ स्थूल रुग्णांपैकी तिसांना बँड बसवला, तिसांना नेहमीचे उपचार दिले. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटला होता, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांचा.

इतकं सगळं असून आज मुंबईत नवा बँड बसवून घेणारा माणूस क्वचित भेटेल. २०११मध्ये अमेरिकेत वजन कमी करण्याच्या दर तीन शस्त्रक्रियांत एक बँडची होती. २०१९मध्ये शंभरात एकही धड उरली नाही. पट्टा सरकतो, कधी वर्षांनंतर जठराची भिंत झिजवून आत शिरतो, नळी गळते, फार घट्ट ठेवला तर वरची अन्ननलिका सैलावते. काहींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. मेलबर्नच्याच पंधरा वर्षांच्या पाहणीत जास्तीच्या वजनापैकी सरासरी ४७ टक्के वजन उतरलेलं टिकलं, ही कमी गोष्ट नाही. पण त्यामागे वर्षानुवर्षांचे फिल होते. जळगावहून किंवा कुडाळहून अर्ध्या मिलीलिटरसाठी रात्रभराचा प्रवास करून येणाऱ्याला हा इलाज झेपणं कठीण, असं माझं मत.

बँडच्या जागी स्लीव्ह ही शस्त्रक्रिया आली. तीत जठराचा पाऊण भाग कायमचा कापून काढतात, आणि त्याबरोबर भुकेचं संप्रेरक घ्रेलिन बनवणारा वरचा घुमटही जातो. चर्नी रोड स्टेशनासमोरच्या सैफी रुग्णालयात ७ मार्च २०१७ रोजी इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया हीच. त्यांचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं; मालवाहू विमानाने आणलं, क्रेनने उचलून आत घेतलं, आणि गिरगावच्या नाक्यानाक्यावर बॅरिॲट्रिक हा शब्द पोहोचला. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला नेलं, आणि २५ सप्टेंबरला तिथे त्यांचं निधन झालं. त्याआधी २०११मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईतच वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती, तेव्हाही चर्चा झालीच होती. पण लोकांना आठवते ती क्रेन.

नवे बँड थांबले तरी जुने पोटांत आहेत. २००५-१०च्या सुमारास बसवून घेतलेली माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. कुणाचे सर्जन निवृत्त झाले, कुणी फिल घेणंच सोडून दिलं. त्यांच्यासाठी एक खूण महत्त्वाची. रात्री आडवं झालं की खोकला येत असेल, उशीवर आंबट पाणी येत असेल, मऊ अन्नच तेवढं जात असेल, तर बँड फार घट्ट आहे किंवा सरकला आहे. ते 'ॲसिडिटी' म्हणून अंगावर काढण्याचं दुखणं नाही. सलाईन काढून घेतलं की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. आणि वारंवार उलट्या होत असतील तर थायमिन हे जीवनसत्त्व शरीरातून झपाट्याने संपतं, मज्जातंतूंना इजा होते. डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

कापलेलं जठर परत येत नाही. करदोडा मात्र हवा तेव्हा सैल करता येतो, आणि याचा सगळ्यात सुंदर उपयोग गरोदरपणात होतो. स्थूलपणामुळे पाळी अनियमित झालेल्या कितीतरी तरुणींना वजन उतरल्यावर दिवस राहतात, कधी अपेक्षेपेक्षा लवकर. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. दिवस गेल्यावर उलट्यांचा त्रास असेल किंवा बाळाची वाढ कमी वाटत असेल, तर सर्जन पोर्टमध्ये सुई टोचून सलाईन काढून घेतो. दार मोकळं होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि पुढ्यात पाच भाज्या, भजी, वाटल्या डाळीचा ढीग, एका वाटीत पेढा आणि एका वाटीत बर्फी झाकलेली. ती पुरीचा पूर्ण घास घेते, लगेच दुसरा घेते, काही अडत नाही. बाळंतपणानंतर, अंगावरचं दूध नीट सुरू झालं की, ती पुन्हा ओपीडीत जाते आणि अर्धा मिलीलिटर भरून घेते.